लिस्बन ते पामीर: एकटीचा सायकलप्रवास आणि व्हिसाचे उलटे गणित

कागदावर आराखडा देखणा होता. १ मार्चला लिस्बनहून निघायचे. स्पेन, फ्रान्स, इटलीचा किनारा धरून क्रोएशिया, तिथून माँटेनेग्रो, अल्बेनिया, उत्तर मॅसिडोनिया, ग्रीस, मग तुर्कस्तान. पुढे जॉर्जिया, अझरबैजान, कॅस्पियन समुद्र ओलांडून कझाकस्तान, उझबेकिस्तान आणि शेवटी ताजिकिस्तानातला पामीर महामार्ग करून किरगिझस्तानातल्या ओशला सायकल टेकवायची. प्रवासी एकटी, सामान चार पॅनियरमध्ये (सायकलच्या बाजूंना अडकवायच्या पिशव्या), वेग दिवसाला साठ ते ऐंशी किलोमीटर, आठवड्यातून एकदोन दिवस विश्रांती. चाकांच्या हिशेबाने त्यात काहीच चूक नव्हती. शिक्क्यांच्या हिशेबाने मात्र तो आराखडा दोन ठिकाणी तुटत होता, आणि त्यातले एकच ठिकाण नकाशावर दिसणारे होते.

पासपोर्ट कोणत्या देशाचा हे मुद्दाम लिहीत नाही. व्हिसाबद्दल वाचताना लोक दिवसांचे आकडे तसेच उचलतात आणि स्वतःच्या, भलत्याच पासपोर्टला लावतात. एवढे पुरे की शेंगेनसाठी, म्हणजे आपसात सीमातपासणी नसलेल्या युरोपीय देशांच्या गटासाठी, तिला आधी व्हिसा घ्यावा लागला आणि तो नव्वद दिवसांचा, मल्टिपल एंट्री (अनेकदा आत-बाहेर करता येणारा) मिळाला. तुर्कस्तानात तिला १८० दिवसांत ९०, जॉर्जियात एक वर्ष आणि कझाकस्तानात ३० दिवस व्हिसाशिवाय राहता येते. अझरबैजान, उझबेकिस्तान आणि ताजिकिस्तानसाठी ई-व्हिसा. तुमची यादी वेगळी असेल. आकडे कसे मांडायचे ते मात्र सगळ्यांना सारखेच.

शेंगेनचा नियम लोक ‘तीन महिने’ असा लक्षात ठेवतात आणि तिथेच फसतात. नियम असा: मुक्कामाच्या कोणत्याही दिवशी उभे राहून मागचे १८० दिवस मोजायचे, त्यांत आत घालवलेले दिवस ९० पेक्षा जास्त होता कामा नयेत. आत शिरल्याचा दिवसही धरायचा आणि बाहेर पडल्याचाही. बाहेर पडून परत आल्याने घड्याळ शून्यावर जात नाही, फक्त थांबते. १ मार्चला आत शिरलेल्या माणसाचा नव्वदावा दिवस २९ मेला येतो. हा हिशेब पूर्वी शिक्के चाळून व्हायचा आणि पुसट शिक्क्याचा फायदा एखाद्याला मिळूनही जायचा. १२ ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेनच्या सीमांवर बोटांचे ठसे आणि फोटो घेऊन संगणकीय नोंद टप्प्याटप्प्याने सुरू झाली, त्यामुळे एका दिवसाची चूकही आता यंत्रच दाखवते.

आराखड्यात तिने हे घड्याळ नीट सांभाळले होते. १३ मेला क्रोएशियातून बाहेर, म्हणजे ७४ दिवस खर्च. मग माँटेनेग्रो, अल्बेनिया आणि उत्तर मॅसिडोनियात तीन आठवडे. वैध मल्टिपल एंट्री शेंगेन व्हिसा असेल तर पश्चिम बाल्कनमधले बरेच देश वेगळा व्हिसा न मागता थोडे दिवस येऊ देतात, तो फायदा घेऊन. ४ जूनला ग्रीसमध्ये, १४ जूनला इप्सालाच्या नाक्यावरून तुर्कस्तानात. एकूण ८५, पाच शिल्लक. हे जमते. पूर्वी असे थांबण्यासाठी क्रोएशिया किंवा बल्गेरियाही वापरता यायचे. क्रोएशिया १ जानेवारी २०२३ ला शेंगेनमध्ये आला, रोमानिया आणि बल्गेरियाच्या जमिनीवरच्या सीमा १ जानेवारी २०२५ पासून उठल्या, आणि घड्याळ थांबवायच्या जागा तेवढ्या कमी झाल्या. जुने प्रवासवर्णन वाचून मार्ग आखणाऱ्याला हे कळत नाही, कारण त्या वर्णनात रस्ता, चढ, पाण्याच्या जागा सगळे अजून खरे असते; फक्त हेच खरे नसते.

एक बारीकशी गोष्ट तिच्या नजरेतून सुटली होती. क्रोएशियाच्या किनाऱ्यावरून दुब्रोव्हनिककडे जाणारा जुना रस्ता नेउम इथे काही किलोमीटर बोस्नियातून जातो. मल्टिपल एंट्री असलेल्याला त्याचे काही नाही. पण सिंगल एंट्री व्हिसा घेऊन कोणी सायकल मारत तिथे पोहोचला तर त्या छोट्याशा पट्ट्यात व्हिसा संपतो आणि दुब्रोव्हनिक समोर असून परका देश होतो. प्लोचेहून त्रपान्यची फेरीबोट घेतली की पेल्येशात्सच्या द्वीपकल्पावरून क्रोएशियातच राहून पुढे जाता येते. व्हिसा हातात आला की आधी त्यावरचा एंट्रीचा रकाना वाचावा, तो याचसाठी. आणि त्यातच वैधतेची मुदत आणि मुक्कामाचे दिवस हे दोन वेगळे आकडे असतात; वैधता सहा महिन्यांची असली तरी राहायचे दिवस ठरलेलेच.

आता नकाशावर दिसणारा तडा. तिच्या फोनमधल्या नकाशाने तिबिलिसीहून बाकूला सरळ रेघ काढून दिली होती, लाल पुलाच्या नाक्यावरून. रस्ता आहे, पूल आहे, नाका आहे. फक्त अझरबैजानने मार्च २०२० मध्ये प्रवाशांसाठी बंद केलेल्या जमिनीवरच्या सीमा पुढे पुन्हा पुन्हा मुदत वाढवत बंदच ठेवल्या, २०२५ च्या अखेरपर्यंतही. कोविडची साथ संपली, सीमा उघडली नाही. मार्ग सुचवणाऱ्या ॲपला रस्त्यावरचा खड्डा कळतो, सरकारचा आदेश कळत नाही.

तिबिलिसीत उभ्या असलेल्या, पूर्वेकडे निघालेल्या सायकलस्वारापुढे मग चार वाटा राहतात. उत्तरेला काझबेगीवरून लार्सच्या नाक्याने रशियात शिरून आस्त्राखानमार्गे कझाकस्तान: त्यासाठी रशियाचा व्हिसा हवा आणि त्या भागात प्रवास विमा चालतो का हे आधी लेखी विचारून घ्यायला हवे. (सप्टेंबर २०२२ मध्ये रशियात सैन्यभरती जाहीर झाली तेव्हा याच नाक्यावर मैलोन्‌मैल रांगा लागल्या होत्या. पायी ओलांडायला मनाई होती, म्हणून लोकांनी मिळेल ती सायकल विकत घेऊन त्यावरून सीमा पार केली. सायकल ही सीमेवर ‘वाहन’ धरली जाते की ‘पादचारी’, हा प्रश्न पोरकट वाटतो, पण उत्तर नाक्यागणिक बदलते आणि ते आधी माहीत असावे लागते.) दक्षिणेला इराण आणि तुर्कमेनिस्तान. तुर्कमेनिस्तानचा ट्रान्झिट व्हिसा सायकलवाल्यांमध्ये गाजलेला: तीन ते पाच दिवस, तारखा ठरलेल्या, आत शिरायचे आणि बाहेर पडायचे नाकेही ठरलेले, आणि मधे इराणच्या सीमेवरच्या सरख्सपासून उझबेकिस्तानच्या सीमेवरच्या फरापपर्यंत सुमारे पाचशे किलोमीटर वाळवंट. वारा उलटा असला तर लोक रात्रीही सायकल मारत. शिवाय अर्ज कारण न देता नाकारला जाण्याची शक्यता नेहमीचीच. २०२० नंतर त्या वाटेवर आराखडा उभा करणे मला तरी शहाणपणाचे वाटत नाही. तिसरी वाट, तिबिलिसीहून थेट कझाकस्तानला विमान. चौथी, बाकूपर्यंत विमान आणि पुढे कॅस्पियनवरची मालवाहू फेरी.

तिने चौथी निवडली. सलग रेघ तुटू नये म्हणून हट्टाने लार्स किंवा तुर्कमेनिस्तानच्या मागे लागणारे बरेच भेटतात. त्या हट्टाबद्दल मला आदर आहे, पण एकट्या माणसाने तो सर्वांत अनिश्चित सीमेवर करावा असे वाटत नाही. दोघे असले की एक जण रांगेत आणि दुसरा सामानाजवळ, एकाचा अर्ज नाकारला तर दुसरा धीर द्यायला. एकटीला अर्ज, सामान, आजारपण आणि निर्णय सगळे एकाच डोक्यावर.

या निवडीने नवी कागदपत्रे मागितली. अझरबैजानचा ई-व्हिसा तीन कामकाजी दिवसांत येतो आणि त्यावर तीस दिवस राहता येते. पंधरा दिवसांपेक्षा जास्त राहायचे तर तिथल्या स्थलांतर खात्याकडे नोंदणी करावी लागते. विमान कंपनीच्या काउंटरवर परतीचे किंवा पुढचे तिकीट विचारले जाऊ शकते, आणि फेरीचे तिकीट तर आगाऊ मिळतच नाही. इथे बनावट आरक्षणाचा पर्याय सर्रास सुचवला जातो. तो घेऊ नये. रद्द करून पैसे परत मिळतील असे खरे तिकीट काढावे, आणि कझाकस्तानात व्हिसाशिवाय प्रवेश आहे हे दाखवणारा अधिकृत कागद छापून जवळ ठेवावा.

फेरी बाकूहून नव्हे, दक्षिणेला सत्तरएक किलोमीटरवरच्या आलातच्या बंदरातून सुटते. वेळापत्रक नाही. ट्रक आणि रेल्वेचे डबे भरले, वारा पडला की सुटते, कधी कझाकस्तानातल्या कुरिकला जाते, कधी तिथल्याच अक्तौला. समुद्रातला प्रवास दिवसभराचा, पण बंदरात जागा मिळेपर्यंत जहाज नांगर टाकून दोन-तीन दिवसही उभे राहू शकते. त्या काळात अझरबैजानचा बाहेर पडल्याचा शिक्का बसलेला असतो आणि कझाकस्तानचे दिवस अजून सुरू झालेले नसतात. सगळ्या प्रवासात घड्याळ न चालणारा हा एकच तुकडा. फक्त तिथे पाणी आणि खाणे आपले आपण नेलेले असावे.

म्हणजे बाकू ते कुरिक हा टप्पा तीन दिवसांचाही होऊ शकतो आणि दोन आठवड्यांचाही. या एका अनिश्चिततेने पुढच्या सगळ्या तारखा सैल करायला लावल्या. तिने घरूनच उझबेकिस्तान आणि ताजिकिस्तानचे ई-व्हिसा काढून ठेवायचे ठरवले होते, म्हणजे ‘एक काळजी मिटली’. उलट वाढली असती. ठराविक तारखांचा व्हिसा हातात असला की फेरीची वाट पाहताना रोज एक दिवस जळतो. नवे वेळापत्रक असे: उझबेकिस्तानचा अर्ज अक्तौला पोहोचल्यावर, ताजिकिस्तानचा बुखाऱ्यात. प्रत्येक ई-व्हिसा आदल्या देशातल्या शेवटच्या मोठ्या गावातून, चांगले इंटरनेट आणि छापायची सोय असलेल्या ठिकाणाहून.

याला एक व्यावहारिक अडचण आहे जी नकाशे बघणाऱ्याच्या डोक्यात येत नाही. ई-व्हिसाचे पैसे कार्डाने भरायचे, कार्डाला ओटीपी लागतो, आणि ओटीपी येतो घरच्या सिमवर, ज्याचे रोमिंग बंद आहे. अर्ज तिथेच अडकतो. निघण्याआधी ते सिम रोमिंगवर फक्त संदेश घेण्यापुरते चालू ठेवायचे, आणि दुसऱ्या बँकेचे एक कार्ड वेगळ्या पॅनियरमध्ये. अर्जात पासपोर्ट क्रमांकातला शून्य आणि रोमन ‘ओ’ यांची अदलाबदल झाली तर मंजूर झालेला व्हिसाही नाक्यावर निरुपयोगी ठरतो. भरलेला अर्ज पाठवण्याआधी पासपोर्टच्या तळाशी छापलेल्या दोन ओळींशी ताडून पाहावा.

आता दुसरा तडा, न दिसणारा. सगळ्या तारखा पुढे मोजत नेल्यावर असे निघाले: १४ जूनला तुर्कस्तान, साधारण २० जुलैला काळ्या समुद्राकाठच्या सार्पच्या नाक्यावरून जॉर्जिया, ऑगस्टच्या सुरुवातीला तिबिलिसी, २० ऑगस्टच्या सुमारास कझाकस्तान, १ सप्टेंबरला उझबेकिस्तान, सप्टेंबरअखेर ताजिकिस्तान. एकही व्हिसा मोडत नाही. पण ४,६५५ मीटरवरची अक-बैताल खिंड ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात येते आणि किरगिझस्तानच्या सीमेवरची किझिल-आर्त खिंड त्याही नंतर. तेव्हा तिथे बर्फ, रात्री तापमान शून्याच्या कितीतरी खाली, वाहनांची वर्दळ तुरळक. बाल्कनमधले तीन आठवडे शेंगेनच्या घड्याळासाठी चांगले होते; त्यांची किंमत पामीरमध्ये चुकवावी लागणार होती.

म्हणून गणित उलटे मांडले. सप्टेंबरअखेर किझिल-आर्त ही पहिली ओळ. त्यासाठी सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात पांजाकेंतला, म्हणजे ताजिकिस्तानात. उझबेकिस्तानात तीस दिवसांपैकी अठ्ठावीस वापरायचे धरले तर ऑगस्टच्या सुरुवातीला प्रवेश. कझाकस्तान जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात. फेरीसाठी दहा दिवस हातचे धरून बाकू १० जुलैच्या आसपास, तिबिलिसी १ जुलै, सार्प २० जून. तुर्कस्तानचा पश्चिम-पूर्व पट्टा महिन्याभरात करायचा तर ग्रीस २० मेला सोडायला हवा. २० मे हा शेंगेनचा एक्क्याऐंशीवा दिवस. नऊ दिवस शिल्लक. म्हणजे बाल्कनमध्ये घड्याळ थांबवायची गरजच उरली नाही!

त्याचा अर्थ क्रोएशिया, माँटेनेग्रो, अल्बेनिया गाळायचे आणि अँकोनाहून इगुमेनित्साची फेरी घ्यायची. इटली आणि ग्रीस दोन्ही शेंगेनमध्ये, मधे सीमाच नाही. लिस्बनपासून अँकोनापर्यंत पावणेतीन हजार आणि इगुमेनित्सापासून तुर्की सीमेपर्यंत सातशे-साडेसातशे किलोमीटर, ८१ दिवसांत, म्हणजे दिवसाला सरासरी बेचाळीस-त्रेचाळीस. आरामात. अल्बेनियाचे डोंगर गेले याचे तिला वाईट वाटले, आणि वाटावेच. पण त्या डोंगरांवर ती पुढच्या कोणत्याही मे महिन्यात जाऊ शकते.

उलट्या मांडणीत आणखी एक गोष्ट दिसली: हातचे दिवस कुठे ठेवायचे. तिने ते सगळीकडे दोन-दोन वाटले होते. ते सगळे उचलून जॉर्जियात ठेवले. तिथे तिच्याकडे वर्षभर आहे, थांबल्याने काहीच खर्च होत नाही. गुडघा दुखला, रिम तुटली, व्हिसाला उशीर झाला, तर तो वेळ तिबिलिसीत खर्चावा. आलातच्या धक्क्यावर किंवा उझबेकिस्तानात खर्चलेला प्रत्येक दिवस मोजलेल्या तिसातून जातो. तिबिलिसी सोडले की तब्येत आणि सायकल दोन्ही ठणठणीत असल्याशिवाय पुढचा अर्ज करायचा नाही, एवढा एकच नियम तिने वहीत लिहून घेतला.

सगळ्यात घट्ट खिडकी तुर्कमेनिस्तान गाळल्यावर उझबेकिस्तानची निघाली, हे मलाही आधी वाटले नव्हते. अक्तौहून बेयनेऊ पावणेपाचशे किलोमीटरच्या आसपास, तिथून सीमा आणखी ऐंशीएक, आणि सीमेपलीकडे उस्त्युर्तच्या पठारावरून नुकूसपर्यंत जवळजवळ पाचशे. सावली नाही, पाणी क्वचित, ऑगस्टमध्ये ऊन चाळिशीच्या पुढे. नुकूस, खिवा, बुखारा, समरकंद करत ताजिक सीमेवरच्या जार्तेपाच्या नाक्यापर्यंत एकूण चौदाशे किलोमीटरच्या वर. तीस दिवसांत होते, पण उन्हाने दिवसाला चाळीसवर आणले तर होत नाही. शिवाय परदेशी पाहुण्याची नोंदणी तीन दिवसांत व्हावी हा नियम. हॉटेलात उतरले तर ते काम हॉटेल करते; तंबूत झोपणाऱ्याने स्वतः ऑनलाइन करायची, आणि नेमक्या त्याच पट्ट्यात सलग काही रात्री तंबूच्या, नेटवर्क बेताचे. बाहेर पडताना या नोंदी तपासल्या जाऊ शकतात, म्हणून प्रत्येक हॉटेलची चिठ्ठी पासपोर्टच्या पिशवीत जपायची आणि मधल्या रात्रींची जागा व तारीख वहीत टिपायची.

बेयनेऊ ते उझबेकिस्तानातले कुंग्राद रेल्वे आहे. ऊन असह्य झाले तर सायकल गाडीत टाकायची असे आधीच ठरवून ठेवले. वाळवंटात चौथ्या दिवशी, पाणी मोजून पिताना घेतलेला निर्णय आणि घरात टेबलावर घेतलेला निर्णय यांत फरक पडतो. हा टेबलावरच घेतलेला बरा.

सामानातून दोन वस्तू बाहेर काढल्या. ड्रोन, कारण उझबेकिस्तानात तो आणायला बंदी आहे आणि पुढे पाठवायची सोय नाही. आणि कोडीनयुक्त वेदनाशामक गोळ्या: जॉर्जिया आणि उझबेकिस्तान दोन्हीकडे त्यांच्यावर कडक निर्बंध आहेत, साधी खोकल्याची गोळी म्हणून आणली तरी प्रकरण गंभीर होऊ शकते. सायकलसाठी मोटारीसारखा कार्नेट (वाहन तात्पुरते देशात आणण्याचा सीमाशुल्काचा कागद) लागत नाही. खरेदीची पावती आणि फ्रेम क्रमांकाचा फोटो पुरतो. पासपोर्टची मुदत प्रवास संपायच्या तारखेनंतर सहा महिने आणि पुरेशी कोरी पाने, हे तपासले. पाने तिच्याकडे होती. तारखांचा पूर्ण तक्ता, प्रत्येक व्हिसाची प्रत आणि दर सीमेनंतरचा एक संदेश घरच्या एका माणसाकडे जाईल अशी व्यवस्था केली. ठरलेल्या तारखेनंतर तीन दिवस संदेश आला नाही तर त्याने कोणत्या दूतावासाला फोन करायचा तेही तक्त्यातच.

ताजिकिस्तानच्या अर्जात गोर्नो-बदख्शानच्या, म्हणजे पामीर ज्यात येतो त्या प्रांताच्या, परवान्याचा रकाना वेगळा असतो. तो टिकमार्क केला नाही तर पामीर महामार्गावरच्या पहिल्याच चौकीवरून परत पाठवतात. तो केला की खोरोग आणि मुरगाब मोकळे. त्यापुढे किझिल-आर्त मात्र अजून उघडा प्रश्न आहे. २०२० नंतर तो नाका बराच काळ परदेशी प्रवाशांना सहज मोकळा नव्हता, आधी परवानगी मिळवावी लागे. मार्च २०२५ मध्ये ताजिकिस्तान आणि किरगिझस्तानने सीमेचा करार केला आणि काही नाके उघडले, तरी या खिंडीसाठी निघण्याआधी ताजी खात्री करावीच लागते. शिवाय किरगिझ ई-व्हिसा ठराविक नाक्यांवरच चालतो, आणि यादीत आपला नाका आहे का हे पाहिल्याशिवाय त्याचे पैसे भरू नयेत.

तिने ठरवले ते असे: परवानगीचा अर्ज दुशान्बेत करायचा, उत्तर खोरोगमध्ये थांबून घ्यायचे. २० सप्टेंबरपर्यंत होकार आला नाही तर अक-बैताल खिंड करून मुरगाबला परतायचे, तिथून गाडीने दुशान्बे, आणि उझबेकिस्तानचा नवा ई-व्हिसा घेऊन फरगाना खोऱ्यातून ओशला. ताजिक व्हिसाचे दिवस त्याला पुरतात. बर्फाचे पुरतील का, हे मात्र त्या वर्षीच्या सप्टेंबरवर सोपवलेले आहे.